डुक्कर सरकारचं, हद्द आपली

काजू मोहरायला लागला की आमच्या भागात दोन गोष्टी सुरू होतात. जत्रा आणि रात्रीच्या बॅटऱ्या. जत्रांबद्दल सगळेच लिहितात, म्हणून आज बॅटऱ्यांबद्दल लिहितो. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची बागायत आहे, ज्यांची जमीन गावाला आणि नोकरी मुंबईला आहे, किंवा ज्यांच्या घरात शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

शिकारीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच बाजू बोलतात. एक म्हणते, डुकरांनी भातशेती संपवली, शेतकऱ्याने करायचं काय? दुसरी म्हणते, मुक्या जनावराला मारू नका. दोघांचंही ऐकण्यासारखं आहे. पण यात तिसरा एक माणूस असतो, त्याला कोणी विचारत नाही. ज्याच्या गडग्यावरून उडी मारून रात्री दोन वाजता पाच जण बंदुका घेऊन आत शिरतात, तो. त्या माणसाला कायदा काय देतो, आणि त्याने काय करायचं, यासाठी ही पोस्ट.

आधी शिकारीचा कायदा. नाक्यावर बसून त्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

आजोबांच्या पिढीत शिकारीचा परवाना मिळायचा, ही गोष्ट खरी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही त्यात शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीत ती गेली. तेव्हापासून कायद्याच्या यादीतल्या प्राण्याची हौसेची शिकार पूर्ण बंद आहे. २०२२ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आता प्राण्यांच्या मुख्य अनुसूची दोन. बिबट्या, गवा, खवले मांजर, घोरपड पहिल्या अनुसूचीत. रानडुक्कर दुसरीत. म्हणजे रानडुक्करसुद्धा संरक्षित प्राणी आहे. रानात असलं तरी, आणि तुमच्या सातबाऱ्यात असलं तरी.

आता नाक्यावरची वाक्यं एकेक घेऊ.

१) "डुकराक सरकारनाच परवानगी दिलेली हा."
अर्धं खरं. कलम ११ प्रमाणे, दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरला, तर त्याला मारायची परवानगी देता येते. मालमत्तेत उभं पीकही आलं. पण ती परवानगी लेखी लागते, कारणासकट लागते, आणि अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची लागते. राज्य सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगाईसाठी हे अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणले, ते याच कलमाखाली. सरसकट सूट कोणालाही मिळालेली नाही. ज्याच्या खिशात कागद नाही त्याला परवानगी नाही.

२) "बंदुकीचा परवाना हा मगे."
तो शस्त्र कायद्याचा परवाना. बंदूक जवळ बाळगायची परवानगी वेगळी आणि प्राणी मारायची वेगळी. शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी दिलेली असते. ती घेऊन चार गावं पलीकडे दुसऱ्याच्या बागेत जाणं ही कसली राखण? परवान्याची अट मोडली तर शस्त्र कायद्याचं कलम वेगळं लागतं आणि परवाना धोक्यात येतो. ज्या शेतकऱ्यांना खरोखर गरज आहे त्यांचे परवाने असल्याच लोकांमुळे अडकतात.

३) "मी खंय मारलंय? मी फक्त हाकलंय."
कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा वाचा. मारणं, विष घालणं, फास लावणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं, कुत्रे मागे सोडणं, हाकारा घालणं, हे सगळं शिकारच. नुसता प्रयत्नही शिकारच. ज्याने मदत केली तोही त्याच गुन्ह्यात येतो. गाडी चालवणारा येतो आणि बॅटरी धरणाराही येतो.

४) "आमी फक्त मटण घेतलंव."
मारलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता असतो. परवानगीने मारलेला असला तरी. असं काही आपल्या हाती आलं तर ४८ तासांत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवावं लागतं. मटण पातेल्यात असेल तर ते तुमच्याकडे कसं आलं हे तुम्हाला सांगावं लागेल.

शिक्षा? साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल, किंवा शिकार अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही. आता फासकीचा विचार करा. फासकी लावणारा म्हणतो, मी डुकरासाठी लावली. तारेला ते कळत नाही. फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी आपण दर वर्षी वाचतो. डुकरासाठी लावलेल्या तारेने माणूस थेट पहिल्या अनुसूचीच्या गुन्ह्यात जातो. तिथे जामीनसुद्धा सोपा राहत नाही.

हा झाला एक कायदा. तो सरकार आणि शिकारी यांच्यातला. दुसरा कायदा तुमचा आहे, आणि तोच आपण विसरतो.

मागच्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. आमची काजूची बाग वाडीपासून लांब, डोंगराच्या बाजूला आहे. राखणीला नेपाळी कुटुंब आहे. नवरा, बायको आणि चार वर्षांचा मुलगा, मांगरात राहतात. रात्री पावणेदोनला त्याचा फोन आला. बागेत माणसं शिरलीत, कुत्रे आहेत, बॅटऱ्या आहेत. तो बोलत असतानाच फोनमध्ये मला बार ऐकू आला. मग दुसरा. मग त्याची बायको ओरडली.

आम्ही पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली. माणसं गेली होती. मांगराच्या दाराच्या फळीत तीन छर्रे रुतलेले होते, जमिनीपासून हातभर वर. दाराच्या आतल्या बाजूला मुलगा झोपायचा. तो त्या रात्री आईच्या पलीकडे झोपला होता, म्हणून. बाप एवढंच म्हणत होता, "साब, इधर बच्चा सोता है." तेच वाक्य पुन्हा पुन्हा.

सकाळी उजेडात पाहिलं. मोहोर आलेल्या फांद्या मोडलेल्या, गडग्याचे दगड दोन ठिकाणी खाली, रक्ताचा माग ओहोळापर्यंत गेलेला आणि एक रिकामी पुंगळी. दुपारपर्यंत कोण होते हेही कळलं. दोघे आमच्याच गावचे, तिघे बाहेरचे. त्यातल्या एकाने मला रस्त्यात गाठून सांगितलं, "आमी डुकराच्या पाठसून इलंव. तुमच्या काजीत चोरूक इलंव नाय."

हे वाक्य तो स्वतःच्या बचावासाठी बोलला. कायद्याने पाहिलं तर तो कबुलीच देत होता. कसं ते सांगतो.

भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात, कलम ३२९ आहे. जुनं ४४१ आणि ४४७. त्याला म्हणतात गुन्हेगारी अतिक्रमण. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकलं म्हणजे हा गुन्हा होत नाही. आत शिरण्यामागे हेतू लागतो: गुन्हा करण्याचा, किंवा जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा. आणि वन्यजीव कायद्यासारख्या विशेष कायद्यातला, सहा महिने किंवा त्याहून जास्त कैदेचा गुन्हासुद्धा इथे गुन्हा म्हणून धरला जातो. शिकारीला तीन वर्षं आहेत. म्हणजे जो माणूस म्हणतो की मी तुमच्या बागेत शिकारीलाच आलो होतो, त्याने हेतू स्वतःच्या तोंडाने सांगितला. चोरी केली की नाही हा प्रश्नच उरत नाही.

शिक्षा लहान आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण गुन्हा दखलपात्र आहे. पोलिसांनी एफआयआर घ्यायचा असतो. मला ठाण्यात पहिल्यांदा सांगण्यात आलं, "एनसी करून देतो." मी कलम दाखवलं. वस्तीच्या दिशेने बार काढून जीव धोक्यात घातला, त्याचं कलम १२५ आहे, तेही दाखवलं. तासभर बसावं लागलं, पण एफआयआर झाला.

ताब्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. कोकणात सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात. अर्धी माणसं मुंबईत, काही वारलेली. बरेच जण समजतात की सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय तक्रार होणार नाही. तसं नाही. अतिक्रमणाचा गुन्हा मालकीवर चालत नाही, ताब्यावर चालतो. जमीन कसणारा, बाग राखणारा, खंडाने घेतलेला माणूस तक्रार करू शकतो. मुंबईकरांनो, तुमच्या राखणदाराकडे तुमचा फोन नंबर आणि तुम्ही त्याला राखणीला ठेवलंय असं एक साधं पत्र देऊन ठेवा. रात्री दोन वाजता ठाण्यात उभा राहणारा माणूस तो असतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा कायदा हातात आला म्हणून पातेरा गोळा करणाऱ्या बायकांना, करवंदं काढणाऱ्या पोरांना, ओहोळावर कुर्ल्या धरणाऱ्यांना हाकलत सुटू नका. त्यांचा हेतू गुन्ह्याचा नसतो. वहिवाटीच्या पायवाटेवरून जाणाराही अतिक्रमण करत नाही. उलट तुम्ही वाट अडवलीत तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तुमच्यावरच अर्ज होईल. अलीकडे काही बाहेरच्या जमीनमालकांनी गावच्या वाटांवर गेटं लावलीत, त्याचाही राग लोकांच्या मनात आहे. शिकारी त्या रागाच्या आड लपतात. म्हणून फरक आपणच स्पष्ट ठेवला पाहिजे. वाट सगळ्यांची. बंदूक घेऊन रात्री बागेत शिरणं कोणाच्याच वहिवाटीत नाही.

आता असा प्रसंग तुमच्यावर आला तर काय करायचं.

पहिलं, अंधारात समोर जाऊ नका. त्यांच्याकडे बंदूक आहे, कदाचित दारूही घेतलेली आहे, आणि बॅटरीच्या उजेडात हलणारी प्रत्येक गोष्ट त्यांना डुक्कर वाटू शकते. शिकारीला गेलेल्याला सोबत्याचीच गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. घरातून दिवे लावा, मोठ्याने आवाज द्या, इथे माणसं आहेत हे कळू द्या. ११२ ला फोन करा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६. दोन्ही ठिकाणी करा, वेळ लिहून ठेवा.

दुसरं, सकाळी काही हलवू नका. पुंगळी, रक्त, केस, फासकीची तार, गाडीच्या चाकोऱ्या यांचे जागेवरच फोटो काढा, बाजूला काठी किंवा पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळतो. पंचनामा वनरक्षक आणि पोलीस करतील. पुंगळी खिशात घालून ठाण्यात नेलीत तर पुरावा तुम्हीच कच्चा करता.

तिसरं, तक्रारी दोन द्या. शिकारीची वनखात्याकडे, अतिक्रमण आणि गोळीबाराची पोलिसांकडे. दोन्हीची पोच घ्या. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. घटना कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येते यावरून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा, तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. तरी घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, आणि त्यानंतरही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. वनखात्याने हालचाल केली नाही तर साठ दिवसांची नोटीस देऊन वन्यजीव गुन्ह्याची तक्रार सामान्य माणूसही थेट कोर्टात करू शकतो. ही तरतूद कायद्यातच आहे.

चौथं, कायदा हातात घेऊ नका. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपुरता. नुसत्या अतिक्रमणासाठी कोणाचा जीव घेता येत नाही. पकडून बांधून ठेवलं, मारलं, तर दुसऱ्या दिवशी आरोपी तुम्ही. आणि कृपा करून गडग्याला करंट सोडू नका. शिकाऱ्यासाठी नाही, डुकरासाठीही नाही. त्या तारेला पहाटे गुरं सोडायला गेलेला शेजारी चिकटतो. वीजचोरी वेगळी, मनुष्यवधाचा किंवा हलगर्जीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा वेगळा. सौर कुंपण हा वेगळा प्रकार आहे. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर हटतं, मरत नाही. त्यासाठी शासनाची अनुदानाची योजना आहे. वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा.

पाचवं, आणि हे सगळ्यात अवघड. वाटा घेऊ नका. आपल्याकडे पद्धत आहे, ज्याच्या जमिनीत डुक्कर पडलं त्याच्या दारात सकाळी पिशवी येते. ती पिशवी घेतलीत की तुमचं तोंड बंद. पुढच्या वर्षी तुमच्या बागेत बार निघाला तर तुम्ही काय तक्रार करणार? आमच्या वाडीत अनेकांनी वर्षानुवर्षं तोंड उघडलं नाही, त्याचं कारण भीती कमी आणि पिशवी जास्त.

डुकरांचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. आमचं भात आणि केळी दर वर्षी जातात. भाद्रपद-अश्विनात भात पोटरीला येतं, तेव्हा शेतकरी रात्र रात्र माळ्यावर बसून डबे वाजवतो. तेव्हा हे बॅटरीवाले आमच्या गावात तरी दिसत नाहीत. ते येतात जानेवारी-फेब्रुवारीत, शेतात काही नसताना, रान सुकून चालायला सोपं झाल्यावर. ज्याला शेती वाचवायची आहे तो पिकाच्या वेळी येईल, दिवसा येईल, मालकाला विचारून येईल, लेखी परवानगी घेऊन येईल. शेतकऱ्यासाठी रस्ता आहे. नुकसान झालं की लगेच वनखात्याकडे भरपाईचा अर्ज, फोटो, पंचनामा. एकाच कळपाचा त्रास सतत असेल तर वनक्षेत्रपालांकडे कलम ११ खाली अर्ज. भरपाई तुटपुंजी मिळते, उशिरा मिळते, खरंय. त्यासाठी भांडू. पण अर्जच गेले नाहीत तर कागदावर आपल्या गावात डुकरांचा त्रासच नसतो, आणि मग भांडायला हातात काही उरत नाही.

आमच्या प्रकरणाचं पुढे काय झालं, विचाराल. पंचनामा झाला, दोन बंदुका जप्त झाल्या, त्यातली एक बिनपरवान्याची निघाली. केस चालू आहे, निकाल लागायला वर्षं जातील. देवळात बैठक झाली. एका जाणत्या माणसाने मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुजा काय चोरीक गेला? गावचा गावात मिटवूया, पोलीस कित्याक व्हये?" मी दाराची ती फळी काढून सोबत नेली होती. ती मधे ठेवली आणि म्हटलं, मिटवूया. या मुलाच्या आईला इथे बोलवा आणि तिच्यासमोर मिटवा. कोणी बोललं नाही. बैठक तशीच उठली.

याची किंमत लागली. दोन घरं आमच्याशी बोलत नाहीत. मकरसंक्रांतीला बायकोला त्या घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, ते तिला लागलं. राखणदार होळीपर्यंत जातो-जातो म्हणत होता. राहिला, पण मुलगा अजून कुत्रा भुंकला की दारापासून लांब सरकतो.

तरी एक फरक पडला. आमच्या गडग्यावर आता पाटी आहे: "या बागेत माणसं राहतात. शिकारीसाठी प्रवेश केल्यास पोलीस व वनखात्याकडे तक्रार केली जाईल." पाटी लावणं कायद्याने सक्तीचं नाही. पण "आमकां काय म्हायत" असं म्हणायला जागा राहत नाही. शेजारच्या तीन बागवाल्यांनीही तशीच पाटी लावली. एकट्याने तक्रार केली की तो गावाचा वैरी ठरतो. चौघांनी केली की ती गावाची भूमिका होते.

म्हणून सांगतो. यंदाच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. बीटच्या वनरक्षकाला बोलवा, पोलीस पाटलांना बोलवा. ज्यांच्याकडे परवान्याच्या बंदुका आहेत त्यांनाच पुढे बसवा, कारण चांगल्या परवानाधारकाला या लोकांचा सगळ्यात जास्त ताप आहे. ठराव करा: रात्री दुसऱ्याच्या जमिनीत बंदूक घेऊन शिरणाऱ्यासाठी गाव मध्यस्थी करणार नाही. एवढाच ठराव. डुकरांचं काय करायचं ते वनखातं आणि आपण मिळून ठरवू. रात्री मांगरात झोपलेल्या पोराचं काय, हे मात्र आपणच ठरवायचं आहे.

पोस्ट पटली असेल तर गावच्या ग्रुपवर टाका. नसेल पटली तरी टाका, वाद होऊ दे. फक्त कोणाची नावं, फोटो टाकू नका. केस कोर्टात आहे, ती तिथेच चालू दे.